थेट प्रेस्टिज क्लासपासून सुरुवात: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

पहिल्याच लेव्हलला असॅसिन (मारेकरी) किंवा शॅडोडान्सर असा प्रेस्टिज क्लास, म्हणजे एरवी काही लेव्हल खेळून अटी पुऱ्या केल्यावरच मिळणारी खास भूमिका, घेऊन खेळायला बसता येईल का, हा प्रश्न डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाची ३.५ आवृत्ती खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये कधी ना कधी निघतोच. आमच्या नाशिकच्या ग्रुपने पावसाळ्याच्या तोंडावर तसा घरचा नियम केला आणि दिवाळी उलटून गेली तरी तोच चालू आहे. त्यावर ठामपणे बोलावं इतकं खेळून झालंय, म्हणून लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: आकड्यांच्या अटी उधारीवर ठेवल्या तर चालतं. कथेची अट मात्र रोखीनेच वसूल करायची.

नियमाची गरज का पडली? असॅसिन व्हायला हाइड (लपणं) आणि मूव्ह सायलेंटली (आवाज न करता चालणं) या दोन्ही स्किलचे आठ-आठ रँक, म्हणजे गुण, लागतात. रँकची कमाल मर्यादा लेव्हल अधिक तीन, म्हणजे पाचव्या लेव्हलआधी आठ होतच नाहीत आणि असॅसिनची पहिली पायरी सहाव्या लेव्हलला चढता येते. त्यासाठी १५,००० एक्स्पी (अनुभवाचे गुण) हवेत. पुस्तकाच्या हिशेबाने एका लेव्हलला साधारण तेरा एन्काउंटर (झटापटी) लागतात, म्हणजे पासष्टच्या आसपास. आम्ही गंगापूर रोडवर एकाच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी बसतो. एकाची अंबड एमआयडीसीत शिफ्ट, एकीच्या पेपर तपासणीचे गठ्ठे, श्रावणात तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी त्र्यंबककडच्या गर्दीमुळे एक जण घरातून निघूच शकत नाही. बसलो की तीन-चार झटापटी होतात. एवढ्यात ग्रुपमधल्या कुणाची तरी पुण्याला बदली होते आणि ज्या क्लाससाठी माणूस खेळायला आला, तो क्लास त्याला कधी मिळतच नाही. मला हे मनापासून खटकायचं.

असं करणं म्हणजे खेळाचा अपमान, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी बार्ड (गायक-कवी) या क्लासचा इतिहास सांगतो. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये बार्ड व्हायचं तर आधी फायटर, मग थीफ आणि त्यानंतर ड्रुइडांच्या हाताखाली शिक्षण, असा लांबचा फेरा होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत तोच बार्ड पहिल्या लेव्हलपासून घेता येऊ लागला. खेळ बनवणाऱ्यांनीच जे एकदा केलं, ते आपल्या टेबलावर करायला हरकत कसली?

आमचा नियम असा. पहिल्याच लेव्हलला प्रेस्टिज क्लास घ्या. स्किल रँक, फीट (खास कसब) आणि बेस अटॅक (हल्ल्याचा मूळ आकडा) यांच्या अटी कॅरेक्टर शीटच्या मागे लिहून ठेवा, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारख्या. पुढे मिळणारा प्रत्येक फीट आणि स्किल पॉइंट आधी तिथे भरायचा, मग हौसेला. आणि पुस्तकात कथेची अट असेल, तर ती मोहीम सुरू होण्याआधी टेबलावर खेळून पूर्ण करायची.

पहिल्या लेव्हलला काहीतरी भयंकर होईल अशी आम्हाला धास्ती होती, विशेषतः असॅसिनच्या डेथ अटॅकची. तीन राउंड (लढाईतल्या फेऱ्या) सावज न्याहाळायचं, मग स्नीक अटॅक (बेसावध असताना केलेला घाव) लागला की समोरच्याने फॉर्टिट्यूड सेव्ह, म्हणजे तग धरण्यासाठीचा फासा, टाकायचा, चुकला तर मेला. प्रत्यक्षात गॉब्लिनसारख्या किरकोळ राक्षसाचे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) असतात पाच. तो तलवारीच्या साध्या घावानेही मरतोच, त्याला डेथ अटॅकने मारलं काय नि न मारलं काय. धिप्पाड ओगर थोडा वेगळा. आमच्या असॅसिनची डीसी (समोरच्याने गाठायचा आकडा) चौदा होती आणि ओगरचा फॉर्टिट्यूड +६, म्हणजे डी-ट्वेंटीवर (वीस बाजूंच्या फाशावर) त्याला आठ पुरतात. शंभरात पस्तीस वेळा काम होणार आणि बाकीच्या वेळी चवताळलेला ओगर सहा-सात हिट पॉइंटवाल्या माणसासमोर उभा राहणार. हा जुगार टेबलाला फार आवडला. तीन राउंड सगळे श्वास रोखून बसायचे.

ड्वॉर्व्हन डिफेंडर, म्हणजे ड्वॉर्फ या बुटक्या जमातीचा रक्षक, तर मख्खन बसला. डी-ट्वेल्व्हचे हिट पॉइंट आणि जागा न सोडता लढण्याची डिफेन्सिव्ह स्टान्स. जोर पाहिला तर पहिल्या लेव्हलच्या बार्बेरियनच्या पंगतीतलाच. आमच्या डीएमदादाने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, मोहिमेतला किल्ला दिंडोरीकडच्या रामशेजवरून घेतला होता. मुघलांना वर्षानुवर्षं झुलवणारा तो बुटका किल्ला. तिथे लाकडी तोफा केल्या होत्या असं सांगतात, त्याही त्याने घेतल्या. त्या किल्ल्याच्या दरवाजात आमचा ड्वॉर्फ जो उभा राहिला, ते पाहून ‘हा आठव्या लेव्हलपर्यंत का थांबावा?’ हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला.

गडबड झाली ती तिसऱ्या लेव्हलला. शॅडोडान्सरला क्लासच्या तिसऱ्या पायरीवर एक शॅडो (सावलीसारखं भूत) साथीला मिळते. पुस्तकात हाइडचे दहा रँक लागतात, त्यामुळे ती एरवी दहाव्या लेव्हलच्या आत येत नाही. आमच्याकडे ती थेट तिसऱ्याला आली. शॅडो अशरीरी असते, साध्या शस्त्राने तिला ओरखडाही उठत नाही, आणि तिच्या स्पर्शाने ताकद झडत जाते. तिसऱ्या लेव्हलच्या दरोडेखोरांकडे जादूची शस्त्रं कुठून असणार? दोन बैठका बाकीचे खेळाडू नुसते बघत बसले. शॅडोवाल्या मुलीनेच शेवटी विषय काढला, “दादा, असं जिंकण्यात मजा नाही. हिला पुढे ढकला.” मग नियमात भर पडली: सगळी उधारी फिटेपर्यंत क्लासच्या तिसऱ्या पायरीचं आणि त्यापुढचं काहीही उघडणार नाही. हाइडचे दहा रँक सातव्या लेव्हलला होतात, तेव्हा शॅडो सातव्याला. कुणी हा नियम आपल्या टेबलावर आणणार असेल, तर ही ओळ पहिल्या दिवशीच घालून घ्या. तिच्याविना नियम अपुरा आहे.

मिस्टिक थर्जसाठी मात्र या नियमाचा काडीचा उपयोग नाही. त्या क्लासला स्वतःचे मंत्रच नसतात, आधीच्या दोन क्लासचे मंत्र पुढे नेणं एवढंच त्याचं काम. मागे काही नसेल तर हातात उरतो डी-फोरचा हिट डाय. पेपर तपासणाऱ्या ताईंना तोच हवा होता. त्यांनी निमूटपणे क्लेरिक (पुजारी) घेतला, दुसऱ्या लेव्हलला विझर्ड (जादूगार), आणि आता पुस्तकाच्याच वाटेने निघाल्यात. एल्ड्रिच नाइट, म्हणजे मंत्र जाणणारा लढवय्या, त्याचंही थोडंफार असंच.

आता कथेच्या अटीकडे येतो, कारण माझ्या लेखी नियमाचा गाभा तोच. असॅसिनसाठी पुस्तक सांगतं की, केवळ असॅसिनांत सामील होण्यासाठी एकाचा जीव घ्यायचा, दुसरं कुठलंही कारण नको. एमआयडीसीवाल्या मित्राला हा प्रसंग एकट्याला खेळावा लागला, आम्ही प्रेक्षक. नदीच्या घाटावर होड्यांचा कर गोळा करणारा एक म्हातारा कारकून. मित्राने विचारलं, “याने कुणाचं वाईट केलंय का?” डीएमदादा म्हणाला, “नाही.” “पैसे किती मिळणार?” “एक नाणंही नाही. म्हणून तर हा खून अटीत धरला जाणार.” मित्राने फासे उचलले, खाली ठेवले, चहा मागवला, आणि मग टाकले. पुढे कितीतरी बैठकांनी त्या कारकुनाचा भाऊ नावाडी म्हणून भेटला आणि आम्हा सगळ्यांना त्याच्याच होडीतून पलीकडे जायचं होतं. पाच लेव्हल रोग (चोरट्याचा क्लास) म्हणून खेळूनही त्या कॅरेक्टरला इतका भूतकाळ मिळाला नसता. मात्र असॅसिन इव्हिलच (दुष्ट) असावा लागतो, तेव्हा टेबलावर पॅलॅडिन (धर्मयोद्धा) असेल तर आधी बोलून घ्या. पॅलॅडिनला अशांच्या सोबतीने फिरता येत नाही.

सरळ सहाव्या लेव्हलचं कॅरेक्टर बनवून का बसू नये? तेही एका छोट्या मोहिमेत केलं. १३,००० सोन्याच्या नाण्यांची खरेदी आणि सहा लेव्हलचे स्किल पॉइंट वाटण्यात नव्या खेळाडूची अख्खी दुपार गेली, आणि लढाईत आपल्याला काय काय येतं हेच त्याला आठवेना. मुरलेल्यांचा ग्रुप असेल तर ती पद्धत उत्तम. कुणी म्हणेल पाचवी आवृत्ती खेळा, तिथे रोगला तिसऱ्या लेव्हलला असॅसिन होता येतं. खरं आहे. पण ३.५चे मूळ नियम या क्लाससकट एसआरडी या खुल्या नियमसंग्रहात मोफत वाचता येतात, आणि एकेक रँक मोजून भरण्याची आमची हौस तिथे भागत नाही.

पुढच्या मोहिमेसाठी एकाने ब्लॅकगार्ड (दुष्ट योद्धा) मागितलाय. क्लीव्ह आणि इम्प्रूव्ह्ड संडर हे फीट, बेस अटॅक +६, सगळं शीटच्या मागे लिहून झालंय. त्याची कथेची अट म्हणजे एखाद्या दुष्ट आउटसायडरशी (दुसऱ्या लोकातल्या जिवाशी) शांतपणे झालेली भेट. ती भेट आधी खेळायची, आणि त्या दिवशी आउटसायडर मी चालवणार आहे.