पहिलं सिझर झालंय, आता नॉर्मलसाठी थांबायचं की तारीख घ्यायची?

भीती घालणारे लई भेटतात, आकडा कुणी सांगत नाही, म्हणून आधी तेच. आधीचं एकच सिझर, पिशवीवर टाका खाली आडवा, आणि कळा आपोआप आल्या, तर पिशवी फाटायचा धोका साधारण 200 जणींत एकीला. तारीख घेऊन कळांच्या आधीच सिझर केलं तर तो जवळजवळ नाहीच म्हणायचा.

मग सिझरच बरं की, असं वाटणार. पण दर सिझरला आत चिकटाचिकटी वाढते आणि पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यातच रुतून बसायची भीती असते, म्हणून तिसरं मूल हवं असेल तर नॉर्मलचं पारडं जड. नॉर्मलसाठी थांबलेल्या 100 तल्या 70-75 जणींचं होतंय, आधी एकदा नॉर्मल झालं असेल तर 85 च्या वर. उरलेल्यांचं मात्र कळा सोसून परत घाईगडबडीत सिझर, आणि ते तारखेच्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचं, हे कुणी आधी सांगत नाही.

जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा बरं का, पोटावरची खूण बघून काही कळत नाही, बाहेर आडवा आणि आत उभा असंही असतंय. कार्डावर एलएससीएस असेल तर टाका खालचा. वर उभा छेद असेल किंवा पिशवी आधी एकदा फाटली असेल तर विषयच संपला, सिझर. गाठ काढायचं ऑपरेशन पिशवीवर झालं असेल तर तेही सांगायचं. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर धोका वाढतोय, कळांचं सलाईन लावलं तरी वाढतोय, आणि कळा आणायची मिसोप्रोस्टॉलची गोळी तर जुन्या टाक्यावर नकोच.

फाटलीच तर बहुतेक वेळा पहिल्यांदा बाळाचे ठोके कमी होतात, मग दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, रक्तस्राव, कधीकधी कळाच बंद. मग मिनिटांचा खेळ. आई सोय असलेल्या ठिकाणी बहुतेक वाचते पण रक्ताच्या बाटल्या लागतात, कधी पिशवी काढावी लागते, आणि अशा 100 पैकी साधारण 6 बाळं हाती लागत नाहीत.

म्हणून माझ्या मते आपल्याकडं प्रश्न हिमतीचा कमी आणि अंतराचा जास्त. कोल्हापूर शहरात, सीपीआर (मोठा सरकारी दवाखाना) जवळ असताना थांबणं वेगळं आणि चंदगडला, 100 किलोमीटरवर, 108 ची वाट बघत थांबणं वेगळं. गगनबावड्याची असाल आणि तारीख जुलै-ऑगस्टात असेल तर पंचगंगा रस्ता कसा अडवते हे 2019 ला आणि 2021 ला बघितलंयच, तेव्हा आधीच शहरात कुणा पाहुण्यांकडं येऊन रहा, नाहीतर सरळ तारीख घ्या. (माहेरीच करायचं हा हट्ट यावेळी सोडा, आईला राग आला तर येऊ दे.)

दवाखाना ठरवताना एवढंच विचारा, रात्री दोनला भूलतज्ज्ञ आणि रक्त किती मिनिटांत मिळतंय आणि कळा सुरू असताना बाळाचे ठोके सतत मशीनवर बघता का. "बोलवून घेतो की" असं उत्तर आलं तर मी तिथं नॉर्मलसाठी थांबणार नाही, तारीखच घेईन.