न्यू जर्सीत कायरोप्रॅक्टरकडे मी कसा फसलो, एक्स-रे काढून घ्यायच्या आधी वाचा

गेल्या शनिवारी एडिसनमधल्या इंडियन ग्रोसरीच्या दुकानाबाहेर कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे हाताने मणका दाबून-वळवून उपचार करणाऱ्याचं, तेच टेबल परत दिसलं. वर मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल, फ्री स्पाइन चेकचा बोर्ड, आणि मुलाकडे राहायला आलेले एक काका समोर फॉर्म भरत होते. काकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पण दर शनिवारी काही मी तिथे नसणार म्हणून इथे लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना माझ्या कंबरेत उसण भरली. याच टेबलावरून आणलेलं ३९ डॉलरचं कूपन घरात होतं, तपासणी, एक्स-रे, सल्ला सगळं त्यात, म्हणून गेलो. फ्रंट डेस्कवर इन्शुरन्स कार्ड मागितलं आणि मी दिलं, ३९ मध्येच सगळं आहे तर कार्ड कशाला हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी हात लावायच्या आधी असिस्टंटने एक्स-रेला उभं केलं, कंबर झाली, पाठ झाली, मग मान. मी म्हटलं अहो मान दुखत नाहीये माझी, तर म्हणाली आम्ही सगळ्यांचेच पूर्ण मणक्याचे काढतो. तिथेच निघून यायला हवं होतं. सगळ्यांचेच काढतात म्हणजे कोणालाही तपासून ठरवत नाहीत.

रिझल्ट त्या दिवशी सांगत नाहीत. उद्या या, मिसेसना घेऊन या. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर माझी मान, शेजारी एक नॉर्मल मान, वर लाल रेषा. कर्व्ह गेलाय, सबलक्सेशन आहे म्हणजे मणके जागेवरून सरकलेत, झीज सुरू झालीय, असंच सोडलं तर पन्नाशीत चालायचे वांधे होतील. बायकोचं तोंड एवढंसं झालं. आणि लगेच समोर ३६ व्हिजिटचं पॅकेज, आजच सही केली तर डिस्काउंट, आमच्या वाट्याचे १४५० डॉलर आधीच भरायचे. केली सही.

प्रत्येक व्हिजिटला दहा मिनिटं रोलरच्या बेडवर पडायचं, मग डॉक्टर येऊन दोनदा कंबर कट्कन् वाजवून जाणार, चार मिनिटंसुद्धा नाही. दुखणं तिसऱ्या आठवड्यात गेलंच होतं, तरी मी जात राहिलो कारण तो स्क्रीनवरचा फोटो मनातून जात नव्हता. बाराव्या व्हिजिटनंतर परत एक्स-रे, प्रोग्रेस बघायला म्हणे.

इन्शुरन्सकडून ईओबीची, म्हणजे क्लिनिकने कशाचं किती बिल लावलं त्याच्या हिशेबाची, पाकिटं येत होती, मी न फोडता ड्रॉवरमध्ये टाकायचो. एप्रिलमध्ये टॅक्सचे कागद काढताना बायकोने ती फोडली. कूपनमधल्या एक्स-रेचं बिल इन्शुरन्सलाही लावलेलं, नंतरच्या एक्स-रेचंही. प्रत्येक व्हिजिटला ९७१४० हा कोड, म्हणजे हाताने केलेली मॅन्युअल थेरपी, १५ मिनिटांचं युनिट, जी मला एकदाही मिळाली नाही. ९८९४१ म्हणजे मणक्याचे तीन-चार भाग अ‍ॅडजस्ट केले, प्रत्यक्षात फक्त कंबर. आणि एका तारखेला तर मी ऑफिसच्या कामाने डॅलसला होतो, त्या दिवसाचंही बिल!

मग आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं ताप होता का, वजन उतरलं का, पडला होतात का, कधी कॅन्सर झालाय का, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा गेला का. सगळ्याला नाही. मग म्हणाले अशा उसणीला पहिले सहा आठवडे एक्स-रे लागतच नाही. आणि हे काही कायरोप्रॅक्टरच्या विरोधातल्या लोकांनी काढलेलं नाही, अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशननेच २०१७ मध्ये हे जाहीर केलंय, प्रोग्रेस बघायला परत इमेजिंग करू नका हेही त्यातच आहे. झिजेचं म्हणाल तर कंबर अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या लोकांचे स्कॅन बघितले तरी साधारण ६८ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसते. मला पन्नाशीची भीती घातली ती याच झिजेवरून. शिवाय कंबरेच्या एक्स-रेचं रेडिएशन म्हणजे साधारण सहा महिन्यांत निसर्गातून मिळतं तेवढं, छातीच्या एक्स-रेच्या कितीतरी पट. माझे दोनदा काढले, तेही पूर्ण मणक्याचे.

सगळे कायरोप्रॅक्टर असे नसतात, माझ्या एका कलीगला एकाने हातानेच तपासून चार व्हिजिटमध्ये मोकळं केलं. पण ज्यांचे आईवडील इथे मेडिकेअरवर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यावर आहेत त्यांनी जास्त जपा. कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचे पैसे मेडिकेअर देत नाही, फक्त मणक्याच्या हाताने केलेल्या अ‍ॅडजस्टमेंटचे देतं, आणि सरकारी तपासणीत असं निघालं की २०१३ मध्ये मेडिकेअरने कायरोप्रॅक्टिकसाठी दिलेल्या जवळजवळ ४३.८ कोटी डॉलरपैकी ८२ टक्के नियमात बसतच नव्हते.

मी क्लिनिककडे कोडसकट आयटमाइज्ड बिल आणि सगळ्या नोट्स लेखी मागितल्या, हिपा या पेशंटच्या माहितीबद्दलच्या कायद्याने ३० दिवसांत द्याव्या लागतात. आल्या तर प्रत्येक तारखेला तोच मजकूर, डॅलसच्या दिवशीसुद्धा "पेशंटला बरं वाटतंय". तेच कागद इन्शुरन्सच्या फ्रॉड डिपार्टमेंटला आणि राज्याच्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाला पाठवले. इन्शुरन्सने थेरपीचे आणि त्या खोट्या तारखेचे पैसे क्लिनिककडून परत घेतले, मला न वापरलेल्या व्हिजिटचे ६१० डॉलर मिळाले. एक्स-रेचे नाही मिळाले, तुम्ही संमतीपत्रावर सही केलीय, असं क्लिनिकवाले म्हणाले. बोर्डाकडची तक्रार अजून चालू आहे.