'हरित' इमारतीत चौदा महिने: काय चाललं, काय बंद पडलं

मागच्या मार्चमध्ये पझेशन मिळालं. आता मे संपत आलाय. म्हणजे दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि एक थंडी या घरात काढून झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये रावेतच्या बाजूला बारा मजली इमारत, ९६ फ्लॅट, आमचा चौथ्या मजल्यावर. फाटकावर हरित मानांकनाची, म्हणजे इमारत पर्यावरणाला धरून बांधल्याच्या दाखल्याची, पितळी पाटी आहे, लॉबीत प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय आणि ब्रोशरच्या तर दर पानावर एक हिरवं पान होतं. बिल्डरचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे रडगाणं आहे त्यातलं अर्धं आमच्या आम्हीच ओढवून घेतलेलं आहे.

पाचपैकी साडेतीन देते. उरलेले दीड कुठे गेले ते सांगते.

आधी जे विनातक्रार चाललं ते. उन्हाळा. मला मोजत बसायची खोड आहे, त्यामुळे दोन साधे तापमापक आणले, एक बाल्कनीत सावलीला आणि एक बेडरूमच्या पुस्तकांच्या फळीवर. मे महिन्यात दुपारी तीनला बाहेर ३९, आत ३२-३३. नुसता पंखा. एसी घेतलेला नाही, आणि आईला गुडघ्यांमुळे गार हवा सोसत नसल्याने बहुधा घेणारही नाही. त्याच दिवशी, त्याच मजल्यावरच्या पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये तोच तापमापक नेऊन ठेवला तर हॉलमध्ये ३६. इमारत एक, प्रमाणपत्र एक, भिंतीही त्याच. फरक फक्त खिडक्या कुठल्या अंगाला आहेत याचा. आमच्या उत्तर-दक्षिण आहेत आणि वर दोन फुटांचा छज्जा आहे. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, १३ मेच्या आसपास तर काही क्षण उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. मी त्या दिवशी बाल्कनीत तेलाचा रिकामा डबा ठेवून बघितलं, सावली डब्याखाली गडप. असा सूर्य दक्षिणेच्या खिडकीत शिरायचं म्हटलं तर छज्जा त्याला तिथेच थोपवतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बाराला जेमतेम ४८ अंशांवर असतो, तेव्हा ऊन छज्ज्याखालून सरळ पलंगाच्या पायापर्यंत येतं. आई तिथे खुर्ची टाकून भाजी निवडते. पश्चिमेच्या उन्हाचं तसं नाही. ते तिरपं येतं आणि संध्याकाळपर्यंत भिंत तापवतं, छज्जा कितीही मोठा असला तरी त्याच्या खालून घुसतं.

हे सगळं ठरवून घेतलं असं सांगायला मला आवडलं असतं. खरं असं की पश्चिमेचे फ्लॅट आधीच विकले गेले होते, 'डोंगर दिसतो' म्हणून, चौरस फुटाला जास्त भाव देऊन. त्या सगळ्या बाल्कन्यांत आता एसीचे डबे लटकतायत.

भिंती एएसी ब्लॉकच्या आहेत. सिमेंट, चुना आणि औष्णिक केंद्रातली राख यांचं मिश्रण फुगवून केलेले, आत बारीक हवेचे बुडबुडे असलेले ठोकळे. लाल विटेच्या जवळपास एक तृतीयांश वजन, आणि उष्णता आत यायला वीटभिंतीपेक्षा बराच वेळ लागतो. पण एक गोष्ट विकताना कुणी सांगत नाही. राहायला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातली फळी, डाळींच्या डब्यांसकट, रात्री दीडला खाली आली. तूरडाळ अजून ओट्याखाली सापडते. हार्डवेअरवाल्याने मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "ब्लॉकची भिंत ना ताई? मग हा साधा प्लग नाही धरणार, लांब नायलॉनचा घ्या." तेव्हापासून घरात काही ठोकायचं झालं की आधी तो प्लग.

आता पाणी. इथे जरा वेळ लावते, कारण ब्रोशरमधल्या 'जलस्वयंपूर्ण' या शब्दावर मी भाळले होते.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. त्यामुळे पाऊसपाण्याचं संकलन, पुनर्भरण (म्हणजे ते जमिनीत मुरवणं), वगैरे ऐकून बरं वाटलं होतं. एका रविवारी कागद-पेन घेऊन बसले. आमची गच्ची साधारण ८०० चौरस मीटर. पुण्याच्या या भागात वर्षाला ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस धरला तर गच्चीवर पडतं ५ लाख ६० हजार लिटर. उडून जाणारं, सुरुवातीचं घाण म्हणून सोडून द्यायचं, ते वजा करून हाती लागतं साडेचार लाख. मोठा आकडा वाटतो ना? सोसायटीत माणसं ३८०. सरकारी हिशेबाने माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर रोजची गरज ५१ हजार लिटर. म्हणजे अख्ख्या पावसाळ्यात गच्चीवर पडलेलं पाणी पुरेल नऊ दिवस. नऊ! ते बोअरमध्ये सोडणं चांगलंच आहे, सोडलंच पाहिजे, पण खाली आपला काळा कातळ. भेगा असतील तिथे पाणी मुरतं, नसतील तिथे खड्डा भरून बाहेर वाहतं. मागच्या जुलैमध्ये ते वाहिलंच, पण कातळामुळे नव्हे. गच्चीच्या पाइपच्या तोंडावरच्या जाळीत प्लॅस्टरचे तुकडे, टाइलवाल्यांचा पांढरा लगदा आणि एक मुलांचा चेंडू अडकला होता.

खरी बचत व्हायची ती सांडपाण्यातून. माणशी १३५ लिटरपैकी ४५ लिटर संडासात ओतायला जातात. ते शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून आले की रोज १७ हजार लिटर चांगलं पाणी वाचतं. पावसासारखी वर्षातून एकदा नव्हे, रोज. त्यासाठी फ्लशला वेगळी पाइपलाइन आहे आणि तळमजल्यामागे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे. पहिले सहा महिने तो इतका छान चालला की आहे हेही कुणाच्या लक्षात नव्हतं.

मग बिल्डरने सोसायटी ताब्यात दिली, पहिलं वीजबिल कमिटीच्या हातात आलं आणि सगळे हादरले. एसटीपीच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर पाच हॉर्सपॉवरचा आहे. दिवसाचे वीस तास म्हणजे रोज ७०-७५ युनिट. आमच्या एका काकांनी सुचवलं, रात्री सगळे झोपलेले असतात, ब्लोअर कशाला चालवायचा? सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी सातला बंद, सकाळी सातला चालू.

दहाव्या दिवशी फ्लशमध्ये पिवळट पाणी आलं. पंधराव्या दिवशी जिन्यात वास. पाहुणे आले की आई आधी बाथरूममध्ये उदबत्ती लावायची. एसटीपीवरचा ऑपरेटर धाराशिवकडचा, विशीतला पोरगा. त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने टाकीवरचं झाकण बाजूला करून दाखवलं. "ताई, हे तपकिरी फेसाळ दिसायला पाहिजे. आता काळं पडलंय. आत जीव असतात, त्यांना हवा लागते. तुम्ही रात्रभर नाक दाबून ठेवलं तर काय होईल?" चार वाक्यांत त्याने जे सांगितलं ते आम्हाला कमिटीच्या तीन मीटिंगमध्ये उमगलं नव्हतं. घाण खाणारे जिवाणू मेले की नवे वाढवायला आठवडे लागतात. शेणाचं पाणी आणून टाकलं, बाहेरून चालू टाकीतला गाळ आणला. तोवर निम्म्या लोकांनी प्लंबरला बोलावून फ्लशची लाइन पिण्याच्या पाण्याला जोडून घेतली होती. त्यातले काही जोड अजून तसेच आहेत, आणि वास गेला तरी ते काढायला कुणी तयार नाही.

गच्चीवर ४० किलोवॅटचं सोलर आहे. ऊन नीट असेल तर एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट, म्हणजे १६०. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर निघतात आणि उरलेली वीज नेट मीटरमधून वीज कंपनीकडे जाऊन बिलातून वळती होते. आता वरचा ७५ युनिटचा आकडा आठवा. वर ऊन पडून जे मिळतं त्यातलं निम्म्याच्या जवळपास खाली घाण पाणी घुसळण्यात जातं. हे मला आधी खटकलं होतं, आता नाही. हे पाणी वाचलं नाही तर टँकर मागवावा लागेल, तो डिझेलवरच येतो आणि त्याचं पाणीही कुणाच्या तरी विहिरीतून उपसलेलंच असतं. फक्त पॅनल धुवावे लागतात. आजूबाजूला चार इमारतींची कामं चालू आहेत, फेब्रुवारीत निर्मिती १२० वर आली होती. पाणी मारलं, फडकं फिरवलं, आठवड्यात परत दीडशेच्या वर.

सोलरच्या गरम पाण्याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. गच्चीवरून चौथ्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं गार पाणी सोडावं लागतं, दीड बादली. परतीची लाइन टाकली असती तर पाणी फिरत राहिलं असतं. ती पैसे वाचवायला गाळली असावी. आम्ही ते गार पाणी बादलीत धरून कपड्यांना वापरतो. सगळे धरत नाहीत.

नळांना बारीक धारेच्या जाळ्या होत्या. आईने पहिल्याच आठवड्यात सिंकची जाळी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. "भांडं भरायला काय दिवस घालवायचा का?" तिचंही बरोबर. बेसिनची ठेवलीय, सिंकची नाही, असा आमचा तह झालाय. ओल्या कचऱ्याचं यंत्र ठीक चालतं. सायकल स्टँडवर सायकली कमी आणि गाड्यांची कव्हरं जास्त. बसथांबा दीड किलोमीटरवर, मध्ये फूटपाथ नाही, त्यामुळे दूध आणायलाही स्कूटर काढली जाते. याचे गुण मानांकनात कसे धरले असतील कोण जाणे.

एक गोष्ट या घराच्या हिशेबात कुठेच येत नाही. आम्ही इथे आलो कारण चिंचवडची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. तीन मजली, विटांच्या जाड भिंती, शहाबादी फरशी, बारा बिऱ्हाडं. पंचेचाळीस वर्षांत एकदा गच्ची गळली, एवढीच तिची तक्रार. आठ दिवसांत ती पाडली. राडारोड्याचे ट्रक जाताना आई रस्त्यावर उभी होती. तिथे आता बावीस मजले होणार आहेत, तेही 'ग्रीन'. सिमेंटचा मूळ घटक क्लिंकर, तो एक टन भाजताना साधारण ८०० किलोच्या पुढे कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नव्हे, चुनखडीच्या दगडातलाच असतो. भट्टी सोलरवर चालवली तरी तेवढा निघणारच. आमच्या या इमारतीतही राख मिसळलेलं सिमेंट वापरलंय, त्यात क्लिंकर कमी लागतं, ते बरंच. पण फ्लॅटखाली गाड्यांसाठी दोन मजले काँक्रीट ओतलंय, त्याचं काय?

कुणी फ्लॅट बघायला आलं की मला विचारतात, घ्यावा का? मी म्हणते, दुपारी चारला या आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. मग एसटीपीच्या खोलीत जा. प्रमाणपत्र नका बघू, ऑपरेटर किती महिने टिकलाय ते विचारा आणि ब्लोअरचा आवाज येतोय का ते ऐका. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली इको निवास संहिता काढली, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा त्यात आहे. बिल्डरला तो आकडा विचारून बघा. आम्ही विचारला तेव्हा सेल्सच्या मुलीने क्लबहाउस दाखवलं.

आमचा धाराशिवचा पोरगा अजून आहे. पगार दीड हजाराने वाढवला, त्यावरही एक मीटिंग झाली. ब्लोअर वीस तास चालू आहे. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून या रविवारी सकाळी सातला गच्चीवरच्या जाळ्या साफ करायच्या ठरल्यात. ग्रुपवर चौदा जणांनी अंगठे दाखवलेत. किती येतात बघू. खराटा मी नेतेय.