पट्टी, उचल आणि मंगूस

बेळगावातल्या एका भाजीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) लिहिलेलं, खाली मोंगोडीबी हा डेटाबेस, आणि दोघांच्या मध्ये मंगूस ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. तिच्याबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक 'टूडू लिस्ट' बनवून संपतं, आणि टूडू लिस्टमध्ये कुठलीच लायब्ररी वाईट दिसत नाही. म्हणून खऱ्या हिशेबात ती कशी वागते ते लिहितो.

मत आधीच सांगतो. मंगूस फुकट आहे, एमआयटी या मोकळ्या परवान्याची आहे, आणि मी ती काढणार नाही. पण ती यार्डाच्या मोठ्या गेटवर बसलेल्या वॉचमनसारखी आहे. समोरून येणारा माल नीट तपासते, मागच्या फाटकातून काय आत गेलं याची तिला फिकीर नाही. हे फाटक कुठं आहे ते वापरणाऱ्यालाच ठाऊक हवं.

आमच्याकडे मुख्य गोष्ट म्हणजे पट्टी. शेतकऱ्याचा माल आला, सौदा झाला, की त्याच्या नावानं पट्टी निघते. कोबीचे इतके डाग (म्हणजे पोती-नग), ढोबळी मिरचीचे इतके, प्रत्येकाचं वजन, दर, खाली हमाली, गाडीभाडं, आणि आधी घेतलेली उचल वजा. येळ्ळूरच्या माणसाच्या पट्टीत दोन ओळी असतात, बैलहोंगलहून टेंपो भरून आणणाऱ्याच्या पट्टीत दहा-बारा. मोंगोडीबीत ही अख्खी पट्टी एक डॉक्युमेंट (एक नोंद) म्हणून बसते, कागदावर दिसते तशीच. एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे, त्याच्या जवळपासही पट्टी जात नाही. इथपर्यंत मंगूसची गरजच नाही, नुसत्या ड्रायव्हरवर (डेटाबेसशी थेट बोलणाऱ्या साध्या कोडवर) काम चालतं.

गरज पडते ती आकड्यांपाशी. दुकानातले दिवाणजी फोनवर मराठी कीबोर्ड वापरतात, त्यामुळे वजनाच्या चौकटीत देवनागरी '४५' येतं. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा हा आकडा वाटतच नाही, अक्षरं वाटतात. नुसता ड्रायव्हर असेल तर तो '४५' मजकूर म्हणून गुपचूप साठवतो. खरा घोळ संध्याकाळच्या बेरजेत. मोंगोडीबीचं 'सम' मजकूर आला की तो सोडून पुढे जातं. एरर नाही, इशारा नाही, बेरीज नुसती कमी येते. आणि अडत दुकानात बेरीज कमी आली की सॉफ्टवेअरवर शंका घ्यायच्या आधी माणसांवर घेतली जाते.

मंगूसमध्ये स्किमा (नोंदीत कुठलं फील्ड, म्हणजे रकाना, कशा प्रकारचं याचा आराखडा) लिहून 'वजन' हे नंबर आहे असं सांगितलं की ही नोंद दारातच अडते. 'कास्ट टू नंबर फेल्ड' असा एरर येतो, कुठली किंमत कुठल्या फील्डला चालली नाही तेही त्यातच लिहिलेलं असतं. पण दिवाणजींना पहाटेच्या गर्दीत एरर दाखवून उपयोग काय? त्यावर मंगूसकडे 'सेटर' आहे. फील्डवर एक छोटं फंक्शन बसवायचं, देवनागरी आणि कन्नड आकडे साध्या आकड्यांत बदलायचे. सेटर आधी चालतो आणि नंबरची तपासणी त्यानंतर होते, त्यामुळे '४५' टाका नाहीतर इंग्रजी आकडे टाका, आत एकच जातं. मालकांना, म्हणजे मामांना, हे दाखवलं तर म्हणाले, "मग आधीच असं का नव्हतं की रे?" त्यांना काय सांगणार! या एका सोयीसाठी मी मंगूस घेतली असती.

आता मागचं फाटक. स्किमात 'दर शून्यापेक्षा कमी नको' अशी अट लिहिली. 'सेव्ह' केलं की ती तपासली जाते. पण दुरुस्तीच्या स्क्रीनवरून 'अपडेटवन' (नोंद थेट डेटाबेसात बदलायचा हुकूम) चालवलं तर मंगूस प्रकार तपासते, अट तपासत नाही. आकड्याच्या जागी अक्षरं आली तर अडवेल, उणे दर आला तर खुशाल आत सोडेल. अटी तपासायला लावणारा 'रनव्हॅलिडेटर्स' हा पर्याय मुळात बंद असतो. प्रत्येक ठिकाणी चालू करत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच मंगूसच्या सेटिंगमध्ये एकदा चालू करावा. हा बंद का ठेवलाय याची तांत्रिक कारणं लिहिलेली आहेत, पण हिशेबाच्या कामात ती मला पटत नाहीत.

त्याच्याच शेजारी दुसरी खोड. 'फाइंडवनअँडअपडेट' दर बदलतं आणि परत देतं बदलायच्या आधीचं डॉक्युमेंट. म्हणजे दर २२ चा २४ केला तरी स्क्रीनवर २२ च. माणूस काय करणार, पुन्हा बदलणार, मग फोन करणार. 'न्यू' हा पर्याय 'ट्रू' केला की नवं डॉक्युमेंट मिळतं.

सगळ्यात भीतीदायक जागा मात्र वेगळीच आहे, आणि ती आवृत्तीप्रमाणे बदलते. समजा स्किमात 'गाव' या फील्डच्या रोमन स्पेलिंगमध्ये एकच 'ए' आहे, आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लिहिताना कुणी दोन 'ए' टाकले. २०२१ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत मंगूस असं अनोळखी फील्ड क्वेरीतून काढून टाकते. उरते रिकामी क्वेरी, आणि रिकाम्या क्वेरीचा अर्थ 'सगळे द्या'. शोधताना हे झालं तर कडोलीच्या शेतकऱ्यांऐवजी अख्खा तालुका दिसेल, एवढंच. 'डिलीटमेनी'मध्ये, म्हणजे जुळणाऱ्या सगळ्या नोंदी पुसताना, झालं तर? २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून हे वागणं मुळातच बदललं. अनोळखी फील्ड तसंच पुढे जातं, काही जुळत नाही, यादी रिकामी येते. रिकामी यादी परवडली. सहावी वापरत असाल तर 'स्ट्रिक्टक्वेरी' हाताने 'फॉल्स' करा, मग बाकीचं वाचा.

(सातव्यात कॉलबॅकही, म्हणजे उत्तर आल्यावर चालवायचं फंक्शन द्यायची जुनी पद्धतही, काढून टाकले. जुना कोड असेल तर सगळीकडे 'अवेट' लावत बसायची तयारी ठेवा. कंटाळवाणं काम आहे, अवघड नाही.)

रिपोर्टसाठी, म्हणजे नोंदी गटवून बेरजा काढायला, 'अ‍ॅग्रिगेट' लागतं, आणि तिथे मंगूस जवळजवळ हात वर करते. साध्या 'फाइंड'मध्ये शेतकऱ्याचा आयडी मजकूर म्हणून दिला तरी ती त्याचं ऑब्जेक्ट-आयडीत (मोंगोडीबीच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाच्या प्रकारात) रूपांतर करून घेते, आणि माणसाला त्याची सवय लागते. अ‍ॅग्रिगेटच्या 'मॅच'मध्ये तोच मजकूर दिला की काहीच जुळत नाही. तिथे स्किमा बघून रूपांतर करायचं काम मंगूस करत नाही, आपणच करायचं. एकाच लायब्ररीत, एकाच मॉडेलवर, दोन वागणुकी. मामांच्या भाषेत सांगायचं तर "एका दुकानात दोन काटे".

तारखांचा प्रश्न मंगूसचा नाही, पण तिच्या 'टाइमस्टँप्स'मुळे (नोंदीवर वेळ आपोआप टाकायच्या सोयीमुळे) तो समोर येतो म्हणून इथेच लिहितो. वेळ आत यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठते, आपण साडेपाच तास पुढे. दुसऱ्या धंद्यात हे पटकन लक्षात येत नाही. भाजीचे सौदे पहाटेचे. पावणेपाचला निघालेली पट्टी यूटीसीत आदल्या दिवसाची असते, त्यामुळे रोजचा रिपोर्ट साधा तारखेवर गटवला की पहाटेचा सगळा माल कालच्यात जातो. तारखेचा मजकूर करणाऱ्या 'डेटटूस्ट्रिंग'ला 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन द्यायचा, मग दिवस बरोबर तुटतो.

आमच्या भागाची आणखी एक गरज. शेतकऱ्यांची नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये टाकलेली. मोंगोडीबी काही न सांगता अक्षरांच्या कोडप्रमाणे लावते, म्हणजे आधी सगळी देवनागरी आणि मागून सगळी कन्नड. मंगूसच्या क्वेरीला 'कोलेशन' (भाषेप्रमाणे क्रम लावायचा नियम) जोडता येतं आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांचे नियम मोंगोडीबीत आहेत, त्यामुळे ज्या त्या लिपीतला क्रम सुधारतो. दोन लिप्या एकमेकींत मिसळून मात्र येत नाहीत, त्यासाठी मी नावाचं रोमन रूप वेगळ्या फील्डमध्ये ठेवतो आणि यादी त्यावर लावतो. गावांची नावं टाइपच करू देत नाही, यादीतून निवडायची. बेळगाव, बेळगाम, बेळगावी या तिन्ही नावांनी पत्ते येतात आणि तिन्ही लिहिणारे आपलं बरोबर म्हणतात. तो वाद स्किमानं सोडवायचा नसतो.

एका नोंदीला दुसरी जोडून आणणारं 'पॉप्युलेट' चांगलं आहे, पण ते जॉइन (डेटाबेसनं एकाच क्वेरीत केलेली जोडणी) नव्हे. मंगूस मागून वेगळी क्वेरी करून शेतकऱ्याची माहिती आणून चिकटवते. रोजच्या यादीला ठीक. पट्टीवर मात्र मी शेतकऱ्याचं नाव-गाव थेट कॉपी करून ठेवतो, कारण छापलेली पट्टी पुढच्या वर्षी उघडली तरी तीच दिसली पाहिजे. गोव्याला जाणाऱ्या मालाची लांबलचक यादी नुसती छापायची असते, तिथे 'लीन' लावलं की मंगूस आपला पसारा न घेता साधे ऑब्जेक्ट देते आणि मेमरी वाचते. लीनवर 'सेव्ह' नाही, व्हर्च्युअल (न साठवता काढलेली) फील्ड नाहीत, गेटर (वाचताना किंमत बदलून देणारी फंक्शन) नाहीत, हे लक्षात असू द्या.

शेवटचं उचलीचं. पट्टी निघाली की शेतकऱ्याच्या उचलीतून रक्कम कमी व्हायला हवी, दोन्ही झालं पाहिजे किंवा दोन्ही नाही. यालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात. मोंगोडीबीत एकापेक्षा जास्त डॉक्युमेंटचे ट्रान्झॅक्शन २०१८ च्या ४.० पासून आहेत, पण त्याला रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारी मांडणी) लागतो. दुकानातल्या एकुलत्या एक पीसीवर साधं इन्स्टॉल केलेल्या मोंगोडीबीवर ते चालत नाही. एकाच मशीनचा रेप्लिका सेट करता येतो, तसा करून घ्या. मंगूसची अडचण पुढची आहे. ट्रान्झॅक्शनमधल्या प्रत्येक क्वेरीला 'सेशन' (ती कुठल्या ट्रान्झॅक्शनची याची खूण) हातानं द्यावं लागतं. एका ओळीत राहिलं तर ती ओळ ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, निमूटपणे, पूर्ण होते. आठव्या आवृत्तीत हे सेशन आपोआप पोचवायचा पर्याय आला आहे, तोही मुळात बंदच. तो चालू केल्यापासून कोड कितीतरी वाचनीय झाला.

उद्यमबागेत फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना) असलेल्या एका मित्रानं हे सगळं बघून विचारलं, "आमच्यातही हेच बसवूया की?" त्याच्याकडे हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू), त्यातून निघालेली कास्टिंग, ग्राहकाची ऑर्डर, रिजेक्ट होऊन परत आलेला माल, आणि यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या तिघींशी बांधलेली. तिथे रोज पॉप्युलेटवर पॉप्युलेट लिहावं लागलं असतं. त्याला मी सरळ पोस्टग्रेस, म्हणजे जॉइनवरच चालणारा डेटाबेस, घे म्हणालो.