चप्पल लाईन, कोल्हापूर: डिझाइनच्या इंटर्ननी आधी इथे यावं

उन्हाळी इंटर्नशिपला कोल्हापुरात आलात, तर टाऊन हॉल म्युझियम बघाच. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, तिथे आहे. पण डिझाइन हातात घेऊन बघायचं ते भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या रांगेत.

चप्पल उलटी करा. अस्सल जोडात खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. कडेला रबराचा थर किंवा गोंदाची चकचकीत रेघ दिसली की समजा, घाईचा माल. कोल्हापुरी चपलेचं जीआय मानांकन (मालाचं नाव त्याच्या मूळ भागाशी बांधणारी कायदेशीर नोंद) 2019 चं, महाराष्ट्राचे 4 आणि कर्नाटकचे 4 जिल्हे मिळून; म्हणून कर्नाटकातल्या अथणीचा जोड दाखवला तर ‘नकली’ म्हणू नका.

माप घट्टच घ्या, कातडं वापरागणिक सैलावतं. पहिले काही दिवस चपलेचा अंगठा आणि पट्टा चावतात. आतून खोबरेल चोळा. भिजली की तळ फुगतो, उन्हात वाळवली की तडकतो. सावलीतच सुकवा, जूनच्या आत कपाटात ठेवा.

भाव करायचा, पण हातशिलाईच्या जोडाला निम्म्यात मागणं बरं दिसत नाही. गर्दी नको असेल तर सकाळीच जा. संध्याकाळी शिवण बघायला दुकानदाराला सवड नसते.