वर्षाचा अल्बम ठरवायचा कसा: पॉइंट टाकून का बसून ऐकून?

मागच्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका भावाचा फोन आला. म्हणाला, आमचा पण दहा-बारा जणांचा ग्रुप हाय, दर डिसेंबरात नुसती वादावादी, ह्याचा अल्बम भारी का त्याचा, आणि शेवटी काहीच ठरत नाही, तुम्ही कोल्हापुरात यादी करता म्हणे, कशी करता? मी सांगायला लागलो आणि पंधरा मिनिटं झाली तरी मी अजून पॉइंटवरच होतो म्हणून म्हटलं राहू दे, लिहूनच पाठवतो. तर हे तेच.

आम्ही आठ जण. त्यातला एक बीट्स करतो, म्हणजे गाण्यांचे ताल बनवतो, एक सराफी दुकानात बसतो आणि दिवसभर एका कानात इयरफोन, दोघं फक्त हिंदी-पंजाबी, आणि एक काका आहेत जे आमच्यात कसे आले कुणाला आठवत नाही, तबला वाजवतात, देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या मैफली चुकवत नाहीत. म्हणजे आवडी अशा की एका गाडीत बसवले तर रंकाळा यायच्या आत भांडण. हे आधी सांगतो कारण तुमचा ग्रुप कसा आहे त्यावरच सगळं आहे.

व्हॉट्सॲप पोलचं आधी उरकून टाकतो. नको. त्यात १२च्या वर पर्याय बसत नाहीत, आणि मुख्य म्हणजे कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, मग पहिल्या दोघांनी टाकलं की मागचे मेंढरासारखे तिकडंच. पाच मिनिटात निकाल आणि पाच मिनिटात विसरला पण.

आता खरी तुलना दोनच गोष्टींची. एक, प्रत्येकाने आपली यादी लिहून द्यायची, नंबराप्रमाणे पॉइंट, बेरीज, झालं. दुसरी, सगळ्यांनी एकत्र बसून अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग चिठ्ठ्या. २०२४च्या अल्बमसाठी आम्ही दोन्ही करून बघितलं, आणि पॉइंटचा तर दोनदा, दोन वेगळ्या हिशोबाने. तीन निकाल, तीन वेगळे विजेते. माणसं तीच, अल्बम तेच.

पहिला हिशोब साधा, प्रत्येकाने पाच अल्बम लिहायचे, पहिल्याला ५, दुसऱ्याला ४, असं खाली १ पर्यंत. निघाला कोण तर चमकीला, रहमानचा. २५ पॉइंट. दुसरा द क्युअर ह्या इंग्लंडच्या रॉक बँडचा साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड, १७. तिसरा आरूज आफताब ह्या गायिकेचा नाइट रेन, १३. आता गंमत बघा, चमकीलाला पहिला नंबर आठातल्या एकानेही दिला नव्हता. तिघांनी दुसरा, चौघांनी तिसरा, एकाने पाचवा. द क्युअरला तिघांनी पहिला दिला होता, पण बाकीच्या पाचातल्या एकानेच तो ऐकलेला, त्याने चौथ्यावर टाकला. म्हणजे कुणाचाच सगळ्यात लाडका नसलेला अल्बम वर्षाचा अल्बम झाला, का तर पिक्चर सगळ्यांनी बघितलेला. मला चमकीला आवडतो, इर्शाद कामिलचे शब्द आणि त्या जुन्या पंजाबी आखाड्यांचा, म्हणजे गावोगावच्या गाण्याच्या कार्यक्रमांचा, बाज रहमानने पकडलाय तो भारीच आहे, पण त्या बेरजेने आम्हाला चमकीला किती चांगला ते सांगितलं नाही, तो किती जणांपर्यंत पोचला ते सांगितलं.

बीट्सवाला पेटला. म्हणाला हे चूक हाय, अमेरिकेत असं करत न्हाईत. त्याचं म्हणणं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस ह्या साप्ताहिकाचा जो पॅझ अँड जॉप नावाचा पोल असायचा, १९७४पासून दरवर्षी व्हायचा, देशभरातले समीक्षक मत द्यायचे, तो धरायचा. तिथे पद्धत अशी की प्रत्येकाला १०० पॉइंट, ते दहा अल्बममध्ये वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ३० आणि कमीत कमी ५. म्हणजे एखादा अल्बम जीव की प्राण असेल तर ३० ओतता येतात, नुसता पहिला नंबर देऊन गप्प बसावं लागत नाही. केलं तसं परत. द क्युअर ९८, चमकीला ९१. तिघांनी ३०-३० टाकले आणि सात पॉइंटनी पालटलं.

पण ह्यात एक गोम आहे आणि ती आम्हाला मागनं कळली. आमच्यातल्या चौघांना दहा अल्बम भरताच येईनात. वर्षात आलेले दहा अल्बम पूर्ण, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, कोण ऐकतंय हो? समीक्षकाचं ते कामच आहे. आमच्या सराफाने शेवटच्या तीन जागी २०२२चे अल्बम टाकले आणि वर म्हणतोय मी ह्या वर्षी ऐकलेत की. एकाने संजू राठोडचं गुलाबी साडी टाकलं, त्यावर अर्धा तास, की हे एक गाणं आहे, अल्बम नाही. त्याचं उत्तर असं की मराठीत अल्बम येतात कुठं आता, सगळे एकेक गाणं सोडतात, मग मराठी माणसानं यादीत काय लिहायचं? ह्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. दहाऐवजी पाचच अल्बमात १०० वाटले तर? तेही नंतर कागदावर मांडून बघितलं, मग प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २० येतात, ३०ची मर्यादा पोचट होते आणि चमकीला परत आरामात पुढे. म्हणजे ती १००ची पद्धत दहा अल्बमसाठीच आहे, आणि दहा अल्बम ऐकणारी माणसं असतील तरच तिच्या वाटेला जावा.

पॉइंटची जमेची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणशील एकतर्फी लिहिलंय. एका तासात होतं. पुण्यात असलेला मित्र पण भाग घेतो. भिडेखातर मत बदलत नाही कारण लिहून आधीच दिलेलं असतं. आणि यादी राहते, तीन वर्षांनी काढून हसता येतं. फक्त याद्या एकाच माणसाकडे पाठवायच्या आणि मोजणाऱ्याने आपली यादी सगळ्यात आधी बंद करायची, आमच्याकडे एका वर्षी मोजणाऱ्यानेच आपल्या चुलतभावाची यादी नववा मेंबर म्हणून घुसवली होती, तो चुलतभाऊ ग्रुपातच नव्हता.

आता बैठक.

ही काकांची कल्पना. पॉइंटचा गोंधळ बघून ते एवढंच म्हणाले, "देवल क्लबात कधी कुणी पाचपैकी तीन दिलेलं बघितलंयस का? बस की आणि ऐक." संक्रांतीनंतरचा शनिवार, राजारामपुरीत एकाची गच्ची, सतरंज्या, एक जुना ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. चार अल्बम निवडले, पॉइंटमधले वरचे तीन आणि बीट्सवाल्याच्या हट्टाने अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा जीएनएक्स. नियम एक, ५० मिनिटांच्या वरचा अल्बम नको. जुनी एलपी तबकडी साधारण २२ मिनिटांची एक बाजू, दोन्ही मिळून पाऊण तासाच्या आत, तेवढंच माणूस सलग बसू शकतो असं माझं मत. ह्या नियमात बियॉन्सेचा काउबॉय कार्टर उडाला, २७ ट्रॅक आणि ७८ मिनिटं. ज्याने आणला होता तो अजून बोलत नाही नीट, त्यात पुढच्या महिन्यात त्याच अल्बमला ग्रॅमीचा अल्बम ऑफ द इयर मिळाला, मग तर बघायलाच नको.

सात वाजता जीएनएक्स लावला. ४४ मिनिटं, बारा गाणी. खाली रस्त्यावर गाड्या, हॉर्न, आणि बेस असा की शेजारच्या घराची तावदानं वाजायला लागली. आवाज कमी करा म्हणून सांगावा आला, केला, आणि केंड्रिकचा आवाज कमी केला की काय उरतं ते बघितलं आम्ही. बीट्सवाल्याचं तोंड पडलेलं. फक्त टीव्ही ऑफ ह्या गाण्यात तो "मस्टर्ड" म्हणून लांबलचक ओरडतो ना, ते खालच्या घरातल्या पोराला एवढं आवडलं की तो रात्रभर जिन्यात ओरडत होता.

मग चमकीला, तो सगळ्यांना पाठ, सगळे बरोबर गुणगुणले, अर्धे गप्पा मारत होते. हे पण लक्षात ठेवायसारखं आहे. माहितीचा अल्बम बैठकीत कुणी ऐकत नाही.

द क्युअर लावला तेव्हा भडंग आलं. हा अल्बम १ नोव्हेंबर २०२४ला आला, त्यांचा आधीचा २००८चा, म्हणजे सोळा वर्षांनी, आणि फक्त आठ गाणी. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटांच्या वर नुसतं संगीत चालू, ड्रम्स जड पावलांनी, कीबोर्ड दाटलेला, आणि गाणारा काही तोंड उघडेना. आणि त्यात आठ तोंडांतलं भडंग, कुर्रम कुर्रम. काका म्हणाले, "आरं ह्यो गाणार हाय का न्हाई?" मग त्यांनीच सांगितलं की अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची ती भैरवी, जात कहाँ हो, साडेतीन मिनिटांची, १९७७मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. "एवढ्या वेळात बाई गाऊन आकाशात पोचल्या, तुझ्यावाल्याचा अजून सूर लागंना." हसून लोळलो. पण चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत भडंगाचा डबा कुणीतरी झाकून बाजूला सारला होता, कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी नाइट रेन, तोवर अकरा वाजत आलेले, रस्ता शांत, थंडी, एकाने घरातून सगळ्यांना शाली आणल्या. आठातल्या पाच जणांनी हा ऐकलाच नव्हता. आरूज आफताब पाकिस्तानातली, राहते ब्रुकलिनला, गाते उर्दूत, मागे जॅझवाले. त्यात ना गुल नावाचं आहे, त्याचे शब्द अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या माह लका बाई चंदा या शायराचे, म्हणजे आपल्या दख्खनचेच म्हणायचे. काका मघापासून आडवे झालेले ते उठून बसले. बोलले काहीच नाहीत, सतरंजीवर बोटं चालू. अल्बम संपल्यावर दोन मिनिटं तरी कुणी फोन काढला नाही.

चिठ्ठीत प्रश्न एकच ठेवला होता, उद्या एकटा असताना ह्यातलं काय परत लावशील. नाइट रेन पाच, द क्युअर दोन, जीएनएक्स एक. चमकीला शून्य. जो पॉइंटमध्ये तिसरा होता तो इथे पहिला, कारण तेव्हा तो तिघांनीच ऐकलेला.

पण बैठक म्हणजे न्याय असं पण नाही हं. रात्री अकराला थंडीत गच्चीवर लावलेला अल्बम आणि सात वाजता हॉर्नच्या गोंगाटात लावलेला अल्बम ह्यांची कुस्ती बरोबरीची नाही, खासबागेत एकाला तांबड्या मातीत आणि दुसऱ्याला चिखलात उतरवल्यासारखं झालं ते. केंड्रिकवर अन्याय झाला हे मी पण मानतो. म्हणून आता आम्ही क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतो. दुसरं, चार अल्बम म्हणजे गच्च तीन तास, मधे चहा, भांडणं धरून साडेचार, आणि दहा-बारा जणांचे दहा-बारा अल्बम लावायचे म्हटले तर दोन-तीन रात्री जातील. तिसरं, गच्ची आणि सहन करणारी घरची माणसं लागतात.

तर भावा, तुमच्यासाठी. तुमचे दहा-बारा जण जवळपास सारखंच ऐकत असतील, सगळे रॉकवाले किंवा सगळे हिपहॉपवाले, तर बैठकीच्या भानगडीत पडू नका, पॉइंट टाका, ५-४-३-२-१ पुरे, कारण सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असतं तेव्हा ती बेरीज खरी असते. आमच्यासारखी खिचडी असेल तर बैठकच, आणि अल्बम निवडताना पॉइंटमधले वरचे घेऊ नका, उलट करा, जे एखाद्याने पहिल्या नंबरावर ठेवलेत पण बाकीच्यांच्या यादीत नाहीतच असे चार उचला. आम्ही ही चूक केली, चमकीलाचा वेळ फुकट गेला. ब्रिटनच्या मर्क्युरी प्राइझला पण आधी बारा अल्बमची यादी काढतात आणि मग पंच एकत्र बसून एक ठरवतात.

आणि तारीख आधी ठरवा. जीएनएक्स २२ नोव्हेंबरला आला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी केली तर असल्या अल्बमवर अन्याय, म्हणून आम्ही संक्रांतीपर्यंत थांबतो. हे भांडण जुनं आहे, नटरंग पिक्चर १ जानेवारी २०१०ला लागला तेव्हापासून, की गाणी २००९ला धरायची का २०१०ला, कारण २००९ला धरली तर समोर जोगवा, दोन्ही अजय-अतुलचे, आणि कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरचा म्हणून आम्हा कोल्हापूरकरांना नटरंग हरलेला चालणार नव्हता. एक जण तर अजून म्हणतो आपलं वर्ष पाडव्याला संपतं, मार्चपर्यंतचे सगळे धरा. त्याला आम्ही दरवर्षी हात जोडतो.

ह्या वेळी पण संक्रांतीनंतरचा शनिवार, तीच गच्ची. येणार असशील तर एक अल्बम आण, ५० मिनिटांच्या आतला, आणि मफलर. भडंग आम्ही आणतो, पण ते आता दोन अल्बमच्या मधेच उघडतं.