शुगर मोजायचं मशीन: घ्यावं का, कुठलं घ्यावं आणि पट्ट्यांची भानगड

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. मी एकच मशीन वापरलंय, आणि मला ज्या कटकटी झाल्या त्या थोड्याफार फरकाने सगळ्याच मशीनच्या असतात असं ऑफिसातल्या, बसमधल्या, देवळातल्या सगळ्या शुगरवाल्यांकडून ऐकलंय. आणि शुगरवाले गोव्यात काय कमी आहेत? २०२३ मध्ये आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा) तो देशभरचा मोठा अभ्यास आला त्यात सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक, आणि पूर्ण देशाचा आकडा ११.४. त्यामुळे माझं निघालं तेव्हा घरात रडारड वगैरे काही झाली नाही. सासूबाईंनी फक्त कपाटात आपला गोळ्यांचा डबा थोडा बाजूला सरकवला आणि माझ्या डब्याला जागा करून दिली.

माझा रिपोर्ट असा होता, फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर १५८ आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट, ८.१. फास्टिंग १२६ किंवा वर आणि एवनसी ६.५ किंवा वर असेल तर डायबेटिस धरतात, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिली, जेवणासोबत घ्यायला सांगितली (पहिले काही दिवस पोटात गडबड होते ती होतेच, घाबरू नका, फारच झाली तर डॉक्टरांना सांगा, हळूहळू विरघळणारी गोळी पण मिळते), डोळे आणि पाय तपासून घ्यायला सांगितले आणि हातात डाएटचा एक छापील कागद दिला. तो कागद बघून मला हसू आलं. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी दोन फुलके, रात्री ज्वारीची भाकरी. आमच्या फोंड्याच्या घरात ज्वारीची भाकरी कोण करतंय हो? पेज नाही, उकड्या तांदळाचं शीत (म्हणजे भात) नाही, हुमण (माशांची आमटी) नाही, पोदेर म्हणजे पाववाला रोज सकाळी दारात येतो त्याची पोई नाही, खतखतं (मिश्र भाज्यांचं) नाही. आमचं ताट त्या कागदाच्या गावीच नव्हतं.

म्हणून मशीन घेतलं. हे नीट लक्षात घ्या कारण पूर्ण रिव्ह्यू याच्यावरच आहे. शुगर कंट्रोलमध्ये आहे की नाही ते कळायला दर तीन महिन्यांनी एवनसी करतातच, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. पण नेमकं कुठल्या खाण्याने चढते ते एवनसी सांगत नाही. ते फक्त हे बोटाला टोचायचं मशीन सांगतं, आणि ते पण तुम्ही जोडीने मोजलं तरच. म्हणजे जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. नुसतं रोज सकाळी उठून फास्टिंग बघायचं आणि दिवसभर तोंड पाडून बसायचं, याच्यासाठी मशीन घेणार असाल तर पैसे वाचवा.

आता खरेदी. फार्मसीत गेले तर तिथल्या पोराने तीन-चार खोके काढून ठेवले आणि सरळ सांगितलं, "मशीन सवाय आसा बाय, पट्ट्यो म्हारग." म्हणजे मशीन स्वस्त, रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या महाग. इतका प्रामाणिक सेल्समन मी आजपर्यंत बघितला नाही. मशीन हजाराच्या आतबाहेर, कधी कधी पट्ट्यांसोबत जवळजवळ फुकटच देतात, पण एकेक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते आणि एका मशीनची पट्टी दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे प्रिंटर आणि शाईसारखाच धंदा. त्यामुळे मशीनचा रंग, मोठा डिस्प्ले, ब्लूटूथ वगैरे बघू नका, आधी पट्टीचा भाव विचारा, ती पट्टी तुमच्या गावातल्या निदान दोन दुकानांत मिळते का ते बघा, आणि डबीवरची एक्स्पायरी बघा. ऑनलाइन स्वस्त मिळतात हे खरं, पण एक डबी आली ती एक्स्पायरीला इतकी टेकलेली होती की अर्ध्या पट्ट्या तशाच गेल्या असत्या, परत करताना जो त्रास झाला तो वेगळाच.

वापरायला सोपं आहे. पट्टी घातली की चालू होतं, रक्ताचा अगदी बारीक थेंब लागतो, पाच सेकंदात आकडा. टोचायच्या पेनवर खोली कमीजास्त करायचे नंबर असतात, सगळ्यात कमीपासून सुरू करा. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. मला दिवसभर कीबोर्ड बडवायचा असतो म्हणून मी अनामिका आणि करंगळीच वापरते. थेंब कमी पडला तर एरर येते आणि वीस रुपये गेले, तेव्हा आधी हात कोमट पाण्याने धुवून खाली सोडून जरा हलवायचा.

हात धुण्यावरून आठवलं. उन्हाळ्यात आमच्याकडे मानकुरादची पेटी आली आणि मी आंबे चिरून नुसता पदराला हात पुसून मोजायला बसले होते, आकडा आला २९०. छातीत धस्स. मग साबणाने हात धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं तर १४६. बोटावरचा आंब्याचा रस मशीन रक्तातली साखर म्हणूनच मोजतं, त्याला काय कळतंय. सॅनिटायझर लावून भागवू नका, साबण-पाणीच घ्या.

आकडा किती बरोबर असतो? याच्यावर लोक फार भांडतात. चांगल्या मशीनचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे त्यातच १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, आणि ते पण शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे लॅबमध्ये १४० असेल तर मशीन १२० पण दाखवू शकतं आणि १६० पण, आणि दोन्ही वेळा मशीन ठीकच आहे. म्हणून काल १३२ होती आज १३८ झाली, कुठे चुकलं, असला विचार करून डोकं पिकवू नका. शंका असेल तर फास्टिंगला लॅबमध्ये जाताना मशीन घेऊन जा, त्यांनी शिरेतून रक्त घेतलं की लगेच तिथेच बोटाला टोचून मोजा आणि रिपोर्ट आला की ताडून बघा. माझं मशीन ९ ने जास्त दाखवत होतं, मला चालतं. जेवल्यानंतर मात्र बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांच्यात तसाही जास्त फरक पडतो, तेव्हा ताडायचं ते फास्टिंगलाच.

आणि आता आपला पाऊस. ही गोष्ट कुठल्याच खोक्यावर ठळक लिहिलेली नसते आणि गोव्यात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. या पट्ट्यांना दमट हवा अजिबात चालत नाही. जूनपासून आपल्याकडे मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, तिथे या पट्ट्यांचं काय होत असेल. डबीच्या झाकणात ओल शोषायची सोय केलेली असते, म्हणून पट्टी काढली की लगेच, मोजून होईपर्यंत नका थांबू, लगेच झाकण घट्ट लावायचं. सुट्ट्या पट्ट्या पर्समध्ये, टिशूत, डब्यात न्यायच्या नाहीत, पूर्ण डबीच न्यायची. फ्रीजमध्ये पण नको, बाहेर काढली की आत पाणी सुटतं. डबी उघडली त्या दिवसाची तारीख पेनाने डबीवर लिहा, कारण छापलेली एक्स्पायरी ही बंद डबीची असते, उघडल्यावर बऱ्याच कंपन्या तीन किंवा सहा महिनेच सांगतात. पावसात ५० ची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, २५ ची घ्या. आणि कदंबाच्या बसमधून फोंडा-पणजी करताना बॅग इंजिनाजवळ तापत ठेवू नका, बहुतेक पट्ट्यांना ३० डिग्रीच्या वरची गरमी पण सोसत नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खर्च केला ते. जोड्या लावून मोजायला लागले आणि घरातले निम्मे वाद मिटले. पेज, आजारी माणसाला देतात ती, हलकी, मला वाटायचं यात काय आहे, पण सकाळी मोठा वाडगाभर पेज लोणच्यासोबत घेतली तर दोन तासांनी २१४. उकडे तांदूळ चांगले असतात म्हणतात ना, असतात थोडे, पण मऊ शिजवून पाण्यासोबत प्यायल्यावर ते पोटात थांबतात कुठे. त्याच तांदळाचं शीत नेहमीच्या निम्मं घेतलं, सोबत बांगड्याचं हुमण, एक तळलेला तुकडा आणि ताटभर भाजी, तर १५६. आधी मासे आणि भाजी खाल्ली आणि शीत शेवटी घेतलं तर त्याहून कमी. माझ्या डॉक्टरांनी जेवणानंतर १८० च्या आत ठेवायला सांगितलंय, म्हणजे नुस्तं-शीत (मासे-भात) माझ्या ताटात राहिलं. हे त्या छापील कागदाने मला कधीच सांगितलं नसतं आणि मी उगाच फुलके लाटत बसले असते.

पोईची गंमत वेगळी आहे. सगळे म्हणतात पोई म्हणजे कोंड्याचा पाव, शुगरवाल्यांनी बिनधास्त खावी. आमच्या पोदेराची पोई खाल्ली तर आकडा साध्या पावाइतकाच चढला. वरून कोंडा भुरभुरलेला दिसतो पण आत बघाल तर मैद्यासारखी पांढरीशुभ्र. दुसऱ्या वाड्यावरचा पोदेर आणतो ती खरंच तपकिरी, चावायला जड, तिने कमी चढली. म्हणजे तुमच्या पोदेराची पोई तुम्हीच मोजा. उपवासाचा साबुदाणा तर बोलायलाच नको, श्रावणी सोमवारी खिचडी खाल्ली आणि जे काही दिसलं ते मी सासूबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या देवाला चालतं. डॉक्टरांना चालत नाही. आता मी शेंगदाणे, ताक आणि एखादं फळ यांच्यावर काढते, पण गोळ्या चालू असताना कडक उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः इन्सुलिन किंवा शुगर खाली ओढणाऱ्या गोळ्या असतील तर. ७० च्या खाली गेली, घाम-थरथर सुटली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी परत मोजायची. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही.

जेवल्यावर वीस-पंचवीस मिनिटं चाललं तर आकडा चांगलाच उतरतो, हे पण मशीननेच पटवलं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी हे ज्यांनी ज्यांनी दिलं त्या सगळ्यांचं मन राखायला मी घेऊन बघितलं, आकड्यात मला तरी फरक दिसला नाही, तोंड मात्र दिवसभर कडू. घ्यायचं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

न आवडलेल्या गोष्टी. माहितीपुस्तक बारीक अक्षरात, मराठी नाही, कोंकणी तर नाहीच. दुकानातून आलं तेव्हा घड्याळ लावलेलंच नव्हतं, त्यामुळे मेमरीत आकडे आहेत पण कुठल्या वेळचे ते कळेना. ॲप तर टाकूच नका, फोन नंबर, लोकेशन सगळं मागतं आणि मग "डायबेटिस मुळापासून घालवा" वाल्यांचे फोन सुरू. मी साधी वही ठेवलीय, आधी किती, काय खाल्लं, नंतर किती. डॉक्टर पण ती वहीच बघतात. दंडाला चिकटवायचा सेन्सर मिळतो, दिवसरात्र मोजतो, पण दोन आठवड्यांचे काही हजार रुपये, इन्सुलिनवाल्यांना त्याचा खरा उपयोग, माझ्यासारखीला परवडणारा नाही आणि गरज पण नाही. आता मला रोज टोचावं लागत नाही, नवीन काही खाल्लं किंवा तब्येत बिघडली तरच मोजते, बाकी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत सुट्ट्या टाकू नका, कचरा उचलायला येणाऱ्या बायकांच्या हाताला लागतात. फिनाईलच्या रिकाम्या बाटलीत भरा, झाकण लावा, आणि देताना त्यांना सांगून वेगळी द्या.

माझ्याकडून पाचातले साडेतीन, अर्धा पट्टीच्या भावासाठी कापला आणि एक पावसासाठी.

अजून एक, घरात मशीन आलं की ते सगळ्यांचं होतं. चतुर्थीला नेवऱ्या, मणगणं, पातोळ्या असं साग्रसंगीत जेवण झालं आणि सगळे हात पुढे करून रांगेत बसले, माझी बघ माझी बघ. करू नका असं. सुई तर प्रत्येकाला नवीन हवीच, पण टोचायचं पेन पण एकाचंच असावं, त्याला रक्त लागलेलं असतं, हेपेटायटिस बी अशाच वाटून घेण्याने पसरल्याची उदाहरणं आहेत. मी पेन दिलं नाही, ज्यांनी फारच हट्ट केला त्यांच्यासाठी फार्मसीतून वापरून फेकायच्या सुया मागवल्या, वर पट्टीचे वीस-वीस रुपये पण मागितले, तर निम्मी रांग मोडली. नणंदेच्या मिस्टरांनी मात्र पैसे दिले. हात धुवायला लावले, जेवून दोन तास होऊन गेले होते, आकडा २६३. ते म्हणाले मशीन बिघडलंय. मी म्हटलं बिघडलं असेल भावोजी, उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये जा, मशीन पण घेऊन जा सोबत, तिथेच ताडून बघा. गेले नाहीत अजून. पण परवा नणंदेचा फोन आला होता, दोन फुलक्यांचं पीठ किती भिजवायचं विचारत होती.